अक्कांची चौदा मिनिटं

गुरु., ५ फेब्रु.
पोचले एकदाची. चेन्नई सेंट्रलला गाडी दोन तास लेट, पुढची सुटणार एग्मोर स्टेशनवरून. बॅग पोटाशी धरून रिक्षात. सहा मिनिटं उरली होती. रात्री कुंभकोणम्, लॉजवर.
शनिवारी परिषदेत निबंध. दोन वर्षं तंजावरी मराठीमागे घालवली, आणि सगळा भार अक्कांच्या चौदा मिनिटांवर. फोनवर टेप केलेला आवाज. बाई अजून पाहिलेली नाही. उद्या.

शुक्र., ६
व्यंकटराव (अक्कांचे भाचे, बँकेतून रिटायर) लॉजवर न्यायला आले. बसवरच्या पाट्या तमिळ, मला अक्षर लागत नाही. एकटी असते तर भलतीकडेच गेले असते. बसमध्ये कंडक्टरशी तमिळ, माझ्याशी मराठी, मान वळवता वळवता.
तिरुनागेश्वरम्, अक्कांचं गाव. अक्का चौऱ्याऐंशीच्या, ताठ. "यावें. जेवण जालें?" जेवायला बसवलं. मग म्हणाल्या, "तें सभेंत लावूं नका."
टेप? तुम्ही हो म्हणाला होतात, म्हटलं.
"तुम्हांस सांगितलें. सभेस नाहीं."
अक्कांची धाकटी बहीण कमळा परजातीत लग्न करून गेली. तिची पत्रं येत. अक्कांनी ती वडिलांना न दाखवता चुलीत घातली. पोरीने एक ओळ लिहिली नाही, असं म्हणत वडील गेले. हीच ती चौदा मिनिटं. इतकी जुनी क्रियापदं मला दुसरीकडे कुठेच सापडली नाहीत.
व्यंकटराव बस स्टॉपवर म्हणाले, कमळाची मुलगी त्रिचीत शिक्षिका आहे, उद्या परिषदेला येणार. अक्कांना काल कळलं.
अक्कांनी पोस्टाने पाठवलेला संमतीचा, सहीचा कागद माझ्याकडे आहे. कायद्याने लावू शकते. ह्यांना फोन केला. "तुला काय वाटतं?" म्हणाले. तेच तर कळत नाहीये.

शनि., ७
संयोजकांची व्हॅन आलीच नाही. रिक्षावाल्याने भलत्याच कॉलेजच्या दारात सोडलं. धापा टाकत पोचले तर माझं नाव पुकारत होते.
टेप लावली नाही. नुसतीच सुटी क्रियापदं वाचत गेले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पुरावा कुठाय?" "आज देता येत नाही." मागे कोणी तरी हसलं.
चहाच्या वेळी एक बाई आली, पन्नाशीची. उमा. "तुम्ही वाचलेले ते शब्द आमची आई असंच बोलायची. तिचं गाव तिरुनागेश्वरम्." मग हळूच, "तिच्या वडिलांनी, तात्यांनी, एका पत्राचं पण उत्तर नाही दिलं, म्हणून रडायची. शेवटपर्यंत."
खरं ठाऊक, आणि सांगायचा हक्क नाही.
"आईची थोरली बहीण आहे का हो अजून?"
आहेत, म्हटलं. एवढंच.

रवि., ८
साडेआठलाच उमा लॉजच्या दारात, रिक्षा घेऊन. मावशीकडे न्या, म्हणाली. परतीची गाडी दुपारी. अक्कांचा फोन उचलला जात नव्हता. व्यं.ना विचारलं, "तुम्ही ठरवा" म्हणाले. सगळे मलाच ठरवायला सांगतात! वाटेत उमाने दोनदा रिक्षा थांबवली, दोनदा पुढे चल म्हणाली.
तिला कोपऱ्यावर थांबवून मी आत गेले. सगळं सांगितलं. टेप लावली नाही, हेही.
अक्का भाजी निवडत होत्या. हात थांबले.
"तिला कांहीं ठाऊक?"
नाही, म्हटलं. तिला वाटतं, वडिलांनीच उत्तर दिलं नाही.
परात बाजूला सारली. मग, "आपलें बोलणें येतें तिला?"
येतं. थोडं तमिळ मिसळून.
"बोलवा. मी सांगतें. तुम्हीं बाहेर बसावें. तो फोनहि न्या."
उमा चप्पल काढून आत गेली. दार लोटलं.
ओट्यावर बसून हे लिहितेय. आधी अक्कांचा आवाज येत होता, एकसारखा, शब्द लागत नव्हते. आता थांबलाय. उमाचा अजून एकदाही आलेला नाही. रिक्षावाला घड्याळ दाखवतोय.