मिनरलच्या गोळ्या

दौंड, रेल्वे कॉलनी
४ जानेवारी १९९९

तीर्थरूप आप्पांस चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

अशक्तपणाचं लिहिलंत, ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. गोडबोले केमिस्टकडून नव्हे, तर चांगल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून तुमचे जावई संपत साठ गोळ्यांची बाटली घेऊन आले आहेत, ती पाठवते आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात काही असताना. टाळाटाळ नको.

लेकीवर माया आहेच, ती तब्येतीवरही करावी.
तुमची, चांगुणा

तळेगाव ढमढेरे
१३ जानेवारी १९९९

चि. सौ. चांगुणा हिस अ. उ. आ.

गोळ्या पोचल्या. डेअरीतल्या दत्ताकडून बाटली वाचून घेतली. तो म्हणाला, ह्यात व्हिटॅमिन हाय आन् मिनरलबी हाय. मिनरल म्हटल्यावर शंकाच उरली नाही, डेअरीत गाईंसाठी तेच मिळतं. एवढ्या मोठ्या जनावराला एका गोळीनं काय होणार, म्हणून पेंडीत कालवून सकाळ-संध्याकाळ आठ-आठ दिल्या. चौथ्या दिवशी चार कमी पडल्या. व्याल्यापासून चंद्री मलूल होती, आता उभी राहून हंबरते. अजून बाटल्या पाठव.

माझं म्हणशील तर बाजरीची भाकरी, मेथी, वर दूध. असं खाणाऱ्याला गोळी कशाला?

जावईबापूंना आशीर्वाद. असंच विचारत जा.
आप्पा

दौंड
२१ जानेवारी १९९९

ती. आप्पांस शि. सा. न.

अशक्त गाय होती, हे एका ओळीत लिहिलं असतंत तर? डॉक्टरांना सांगितलं तर ते टेबल धरून हसले. मग म्हणाले, भाकरी, डाळ, भाजी, दूध रोज पोटात जात असेल तर आप्पांना गोळ्या नकोत. जात नसेल तर नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. आधी खातात काय ते विचारा.

म्हणून विचारते. आई जाऊन पाच महिने झाले. मेथी निवडतं कोण, भाकरी थापतं कोण? काल दिवसभरात काय खाल्लंत ते खरं लिहा. मला फार भीती वाटते, आप्पा. खरं कळवलं नाहीत तर हे जीप घेऊन येतील, गाय चुलत्यांकडे जाईल आणि तुम्ही इथं.

रागावले आहे, तरी पाया पडते.
चांगुणा

तळेगाव ढमढेरे
२९ जानेवारी १९९९

चि. सौ. चांगुणा हिस अ. उ. आ.

सकाळी चहा-टोस्ट. दुपारी टोस्ट-चहा. संध्याकाळी टोस्ट संपले होते.

चंद्रीची वैरण एक दिवस चुकली नाही. स्वतःपुरती चूल पेटवायची म्हटली की हात उचलत नाही. हे लेकीला लिहायची लाज वाटली, म्हणून मेथी लिहिली.

जीप पाठवू नकोस. तुझं पत्र आलं त्या दिवशी शेजारच्या म्हाळसावहिनींकडून भाकरी आणली आणि पिठलं मी स्वतः केलं. गुठळ्या झाल्या, तरी ताटभर जेवलो. आता रोज करीन. फक्त एक अडलंय. तुझी आई पिठल्यात मीठ कधी घालायची आणि किती, हे पस्तीस वर्षं चुलीपुढं बसून जेवलो तरी मी एकदाही पाहिलं नाही. तेवढं लवकर कळव.

तुझा,
आप्पा