स्पीडची घंटी

रविवार, १० मार्च १९९६. हॅरो.

आज आमची जुनी जपानी स्पोर्ट्स कार चार वर्षांनी रस्त्यावर आली. शाळा सोडल्यापासून गॅरेजमध्ये तिचंच काम करतेय. बाबांना आता दिसत नाही, म्हणून मी चालवली, ते शेजारी. मोटरवेवर सत्तर मैलांच्या स्पीडला गेले.

"घंटी का नाही वाजली गं?" बाबांनी विचारलं.

ती घंटी मी विसरलेच होते. गाडीतच बसवलेली, जास्त स्पीडला आपोआप वाजायची. लहानपणी ती वाजली की बाबा म्हणायचे, "बघ, तुझी आई ओरडली!" आणि मागून आई खरंच ओरडायची.

इथे स्पीड मैलांत मोजतात, म्हणून दुरुस्तीत मी मैलांचा स्पीडोमीटर बसवला; किलोमीटरचा जपानी काढला, त्याच्याबरोबर घंटीपण गेली.

"मग मला स्पीड कसा कळणार?" बाबा हसत म्हणाले. पण हसले का खरंच?

घरी येऊन जुना जपानी स्पीडोमीटरच परत लावला, काचेवर मैलांचे आकडे चिकटवले. बाबांना सांगणार नाहीये. उद्या त्यांना शेजारी बसवून गाडी नुसती घंटी वाजेपर्यंत नेईन.