संडासाचा श्वास

अण्णा, संडास दुरुस्त झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आज लिहायला बसले आणि पहिलं वाक्य हे! पण याहून चांगली बातमी तुम्हाला दुसरी कुठली वाटली असती? नाशिकरोडच्या आपल्या घरातलाच, तुम्ही स्वतः उभं राहून बसवलेला. उन्हाळ्यापासून त्याचं बिनसलं होतं. फ्लश केला की पाणी वर चढायचं, मग रेंगाळत उतरायचं, आणि घरभर वास. आईने त्यावर आपला उपाय काढला, पाणी पिणंच सोडलं. प्यायलं नाही की जायला नको. एके दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मला कळलं. भाऊ पुण्याहून आला, त्याने ठेकेदार आणला. ठेकेदाराने फरशीवर टाच आपटून सांगितलं की आतली सगळी लाइन गेलीय, फोडून नवीन टाकू, महिना धरा. तोवर आई पुण्याला माझ्याकडे राहील, असं भाऊ म्हणाला. काळजीनेच म्हणाला हो, वाईट नाही तो. तो गेल्यावर आई मला म्हणाली, "आत्ता गेले ना, तर मी परत यायची नाही. तो आणणार नाही, आणि माझ्यात यायची ताकद राहणार नाही." ठेकेदार सोमवारी घण घेऊन येणार होता. माझ्याकडे एक रविवार होता.

एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत तुम्ही क्वार्टर्सचे नळ आणि संडास बघायचात. लोक आधी ॲसिड ओतायचे, मग बांबूची कामटी खुपसायचे, आणि सगळं करून थकले की तुम्हाला बोलवायचे. मी अकरा वर्षांची आहे, आपल्याच क्वार्टरच्या संडासाची टाकी दिवसभर सूं सूं करतेय, आणि मी झाकण काढून सरळ आत हात घालते. तुम्ही माझं मनगट धरता. "आधी ऐक. हात मागून घाल. संडास बोलतो गं, आपल्यालाच दम नाय." मग आईची कपड्यांची नीळ आणून तुम्ही टाकीत ओतता आणि आपण दोघं दाराबाहेर चहा पीत बसतो. थोड्या वेळाने बघतो तर फ्लश न करताच भांड्यात निळं पाणी. वायसर गेलं, तुम्ही म्हणता, आणि आई आतून नीळ शोधत ओरडते. बादलीची परीक्षाही तेव्हाचीच. बादलीभर पाणी ओतायचं, झपकन गेलं तर दोष टाकीत, चढलं तर पुढे लाइनीत. आणि फ्लश केल्यावर शेजारच्या मोरीच्या जाळीतून गुडगुड आली, तर श्वास कोंडला समजायचं. हे मला कळेना, तर तुम्ही विचारलंत, तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर तेल गचके खात येतं. म्हणून तर संडासाच्या लाइनीला हवा मिळायला गच्चीवर तो उघडा पाइप काढलेला असतो.

पुढे मी मोठी झाले आणि मला शहाणपण सुचलं. शाळेत सांगायचे, वडील पॉवर हाऊसमध्ये आहेत. खोटं नव्हतंच म्हणा! एकदा मैत्रिणीच्या क्वार्टरमध्ये अभ्यासाला गेले होते आणि तुम्ही खांद्याला पिशवी लावून दारात. माझा चेहरा तुम्ही बघितलात. मैत्रिणीची आई शेजारी उभी होती. तुम्ही मला म्हणालात, "ताई, जरा सरकता का?" आणि मी सरकले. घरी तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत, आणि मीही. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं, अण्णा.

तर रविवार. आधी नीळ टाकली, भांडं स्वच्छ राहिलं. बादली ओतली, पाणी चढलं. कामटीचा मोह झाला, खरं सांगते, पण आधी मोरीपाशी उकिडवी बसले आणि आईला फ्लश करायला सांगितलं. गुडगुड गुडगुड. मी तशीच गच्चीवर पळाले. पाइपाच्या तोंडावर दुधाची पिशवी ताणून बांधलेली, आणि बांधायला हिरवी नाडी. आईच्या परकराची. मग डोक्यात प्रकाश पडला. होळी झाल्यावर तिने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, आणि कुरडयांना संडासाचा वास लागेल म्हणून पाइपाचं तोंडच बांधून टाकलं होतं! कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या, पिशवी तिथेच राहिली. आयुष्यभर तेलाच्या डब्याला न चुकता दोन भोकं पाडणारी बाई ही. मी एकटीच गच्चीवर हसत बसले आणि हसता हसता रडले. नाडी सोडली, खाली आले, फ्लश ओढला. पाणी एका दमात गेलं. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती स्वयंपाकघरात गेली, माठातून तांब्या भरला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली.

सोमवारी ठेकेदार आला. त्याने दोनदा फ्लश ओढून बघितला आणि विचारलं, कोणाला बोलावलं होतं. मी म्हणाले, "कोणाला नाही. मी प्लंबरची मुलगी आहे." पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा म्हणाले. तो घण घेऊन परत गेला. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, दिवाळीला मीच येतो तिकडे.

फक्त एक आहे. आईला मी सांगितलंय की पाइपात कबुतराने घरटं केलं होतं. ती तेव्हापासून कबुतरांना शिव्या देतेय, आणि हिरवी नाडी माझ्या पर्समध्ये आहे. हा कागदही तिथेच ठेवते. घरात ठेवला तर ती वाचल्याशिवाय राहणार नाही.