नाहीतर, जागा

सोमवार, ४ मार्च
मनगटी पट्ट्याचा कोड आज पूर्ण वाचला. माणूस जागा की झोपलेला, हे ठरवायला तीन हो-नाही: हालचाल आहे? नाडी मंद आहे? श्वास एकसारखा आहे? त्यावर जर-तरची सव्वादोनशे ओळींची उतरंड. जे कुठेच बसत नाही ते शेवटच्या 'नाहीतर'मध्ये पडतं. तिथे लिहिलंय — जागा.

कोड ऑफिसातल्या दाढीवाल्याचा. "चालतंय ना? मग हात कशाला लावतेस, बाई!"

चालत नाही. चाचणीसाठी एक पट्टा बाबांना दिलाय. आई गेल्यापासून, दोन वर्षं, ते एकटे राहतात. पट्टा म्हणतो, रात्रभर जागे. बाबा म्हणतात, "मी ढाराढूर झोपतो गं." ताईचा विश्वास पट्ट्यावर. "असं जागून माणूस खचतो. महिनाअखेरीस त्यांना माझ्याकडे आणते. घर बंद."

बाबा ते घर सोडून जगतील असं मला वाटत नाही.

मंगळवार, ५ मार्च
तिन्ही हो-नाही काढले. त्याजागी एनम, म्हणजे नावांची ठरलेली यादी. एका वेळी एकच नाव. यादीबाहेरचं काही चालत नाही. जागा. हलकी झोप. गाढ झोप. स्वप्न. 'नाहीतर' नाहीच.

संध्याकाळी खिडकीशी ती चार नावं नुसती पुटपुटत बसले. पाण्यात एकेक पायरी उतरावी तशी. चहा गार झाला.

बुधवार, ६ मार्च
पाचवं नाव सापडलं! नाडीच लागत नसेल तर ती 'मंद' नाही — म्हणून जुना कोड सरळ 'जागा' म्हणायचा. पाचवं नाव: पट्टा काढलेला.

बाबांच्या नोंदी पुन्हा चालवल्या. दहा चाळीस ते पाच वीस, पट्टा काढलेला. रोज!

एकतीस ओळी उरल्या. दाढीवाला म्हणाला, "बरंय." त्याच्या तोंडून म्हणजे सत्कारच.

रविवार, १० मार्च
बाबांकडे. "झोपताना पट्टा काढता?" चोरी पकडल्यासारखे हसले. "वरचा तो हिरवा दिवा लुकलुकतो गं. झोपमोड होते."
"मग सांगायचं ना!"
"तुझं यंत्र. तुला वाईट वाटलं असतं."

पडद्यातून ऊन येत होतं. पलंगावर दोन उशा, दोन्हींना ताजे अभ्रे. तिथेच टेकले नि डुलकी लागली. एरवी मी अशी कुठेही झोपत नाही.

सोमवार, ११ मार्च
दिवा बंद केला. एक ओळ.

गुरुवार, १४ मार्च
तीन रात्री पट्टा हातावर. हलकी, गाढ, स्वप्न, गाढ. पहाटे पुन्हा स्वप्न — सव्वा तास! ताईला पाठवलं. "बरं बाई, हरले. राहू देत तिथेच."

शुक्रवार, १५ मार्च
बाबांचा फोन. "दिवा घालवलास, फार बरं झालं. तुझी आई आता शांत झोपते."

पाचही नावं पुन्हा वाचली. हे कुठेच बसत नाही.

ताईला फोन केलेला नाही.