ह्यांनी चूक सुधारली नाही

करंजाडे, रविवार

ती. अक्का हिला शालनचा नमस्कार.

आज ह्यांना पनवेलजवळच्या शुश्रूषा केंद्रात ठेवून आले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, म्हणून लिहिते. जागा स्वच्छ आहे, जेवण मऊ देतात.

ह्यांनी जन्मभर ताऱ्यांचे आयुष्य मोजले. ते गणित डोक्यात आहे तोवर घरीच ठेवायचे, असे मी ठरवले होते. रोज मुद्दाम चुकीचे बोलायची, "सूर्याएवढाच, पण कमी धातूचा तारा जास्त जगतो." हे खवळायचे, "उलट, बाई, उलट! प्रकाश अडवायला आत धातू कमी, म्हणून तो लवकर जळून जातो. पदवी कुणी दिली तुला?" मला बरे वाटायचे.

मंगळवारी शांतपणे म्हणाले, "हो, तुम्ही म्हणता तसंच असेल."

मी फॉर्मवर सही केली.

तुझा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस ना? भेटायला धावून येऊ नकोस, तुलाही ओळखणार नाहीत. मी जेवते वेळेवर.

तुझी,
शालन

केंद्रात दिले: सदरे चार, कवळी, चष्मा, ताऱ्यांच्या गणिताची वही एक. पेन्सिल त्यांनी परत केली. टोकदार वस्तू चालत नाही म्हणाले.