जीव वाटणीत धरू नये

मी, शांतवन लाजरस पाखरे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी सुतारकाम, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हा कागद माझ्या हाताने, माझ्या घरात बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला घरात कोणी नाहीच. माझी मूत्रपिंडं थकली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी तपासून खाली सही केली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकी वाचन शुभवर्तमानावर आणि वर्तमानपत्रावर. म्हणून कायद्याची भाषा कुठे लंगडली तर वकिलांनी सांभाळून घ्यावी.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझा एकुलता मुलगा प्रबोध याला. तो नागपूरला औषधांच्या कंपनीत आहे. त्याने घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त विकण्याआधी एकदा येऊन आतून बघून जावं.

कलम दोन. घराला लागून असलेली कामाची शेड शेजारीण समता हिने वापरावी. ती गावची आशाताई आहे. लसीकरणाच्या दिवशी लेकरांना बसवायला तिला धड सावली नसते. गेली काही वर्षं ती माझ्याच शेडमध्ये बसते, आणि त्या दिवशी माझ्या घरात माणसांचा आवाज असतो. लेकरं भोकाड पसरतात, पण आवाज तर असतो. हे प्रबोधने मोडू नये.

कलम तीन. रंधे, करवती, गिरमिट, गुण्या ही हत्यारं चिखलीच्या आयटीआयला शिकणाऱ्या पोरांसाठी द्यावी. मोठी पटाशी गावातल्या रंगराव याच्याकडे आहे. दाराची चौकट तासायला म्हणून नेली, ती त्याच्या घरची होऊन बसली. मी त्याला माफ केलं आहे, पण पटाशी परत आणावी. माफी वेगळी आणि पटाशी वेगळी.

कलम चार. सागवानी पलंग. हा मी माझी पत्नी तबिथाबाई हिच्यासाठी केला. डोक्याकडची फळी खाचांत बसवून वर उचलता येते, म्हणजे आजारी माणूस बसता होतो आणि भरवलेलं नरड्यात अडकत नाही. हा पलंग विकू नये. गावात ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळेल त्याच्याकडे जावा, गरज संपली की पुढच्या घरी. भाडं घेऊ नये, जात-धर्म विचारू नये.

या पलंगामुळेच प्रबोधचं येणं बंद झालं, तेही इथे लिहिणं भाग आहे. तबिथाबाईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली, अर्धं अंग गेलं, नाकातून नळी होती. प्रबोधचं म्हणणं, नळी काढावी, तिला जाऊ द्यावं. मी म्हणालो, पाणी आणि अन्न हे औषध नव्हे, ते तोडता येत नाही. तिच्यात जीव आहे तोवर ती देवाची प्रतिमा आहे, आपल्याला कळो वा न कळो. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात मला म्हणाला, "बाबा, तुमी आईले जगवून नाई राह्यले. तुमी तिले सोडून नाई राह्यले."

मी तिला घरी आणलं, या पलंगावर ठेवलं. पुढे नळी निघाली, चमच्याने पेज जाऊ लागली. बोलली नाही कधी, पण चमचा वाजला की तोंड उघडायची. दोन उन्हाळे काढून गेली. प्रबोध मातीला आला, तिच्यावर मूठभर माती टाकली, आणि जेवायला न थांबता गेला.

कलम पाच. मला डायलिसिसवर ठेवू नये. डॉक्टर म्हणतात, मशीनवर गेलो तर चांगली वर्षं मिळतील. नकार माझा आहे, डॉक्टरांवर बोल लावू नये.

(वरील कलम पाच मी स्वतः खोडलं आहे व बाजूला सही केली आहे. कारण पुढे देतो.)

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रीत आहे की प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत एक शवपेटी कायम तयार असावी. कोणी वारलं की ती जाते, आणि मी दुसरी करून ठेवतो. कोणाची पाळी येईल ते माहीत नसतं, म्हणून पेटी नेहमी मंडळीतल्या सर्वांत उंच माणसाच्या मापाची करायची. गेल्या महिन्यात पेटी गेली, मी नवी करायला घेतली. मापाची फीत धरायला समता येते. पेटी जोडून झाली, ती आत-बाहेर बघत उभी राहिली.

"काकाजी, हे आखूड काऊन केली?"

मी म्हणालो, लाकूड कमी पडलं. कोपऱ्यात फळ्या उभ्या होत्या, तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली की ही पेटी तर तुमच्याच मापाची आहे.

तेव्हा तिला या कागदातलं कलम पाच वाचून दाखवलं. तिला वाटलं मला सुयांची भीती आहे. मी तिला समजावलं की मशीन नाकारणं म्हणजे जीव देणं नव्हे. देह थकला, उपचाराचा त्रास फायद्याहून मोठा झाला, तर माणसाने हात जोडून थांबावं. पास्टरसाहेबही हेच सांगतात, मलाही पटतं. समता बौद्ध आहे, वाद घालत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"कोनी नेनारं असतं, तं गेले असते का तुमी?"

मी रंधा पुसत बसलो. तीही गेली नाही, बसून राहिली.

खरं ते लिहितो. देह अजून थकलेला नाही. करवत चालते, भाकर गोड लागते. थकलं आहे ते संध्याकाळी कडी लावणं, एका माणसाचा चहा करणं. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला जायचं, चार तास मशीनला बांधून पडायचं आणि बाजूच्या स्टुलावर कोणी नाही, हे मला नको होतं. त्या नकाराला मी विश्वासाचं नाव दिलं. तबिथाबाईच्या बाबतीत मी सांगत होतो की जीव आपल्या मालकीचा नाही, राखणीला दिलेला आहे. मग माझा तेवढा मालकीचा कसा झाला? हा कागद माझ्या वस्तूंचा आहे. जीव त्यात घालायचा मला अधिकार नव्हता.

कलम सहा. मी डायलिसिसला जाणार. पुढे देह खरोखर थकला आणि मला बोलता आलं नाही, तर यंत्र थांबवायचं की नाही ते प्रबोध आणि समता यांनी मिळून ठरवावं. पाणी मात्र शेवटपर्यंत ओठांना लावावं.

कलम सात. आखूड पेटी मोडून तिच्या फळ्या समताच्या शेडमध्ये बाकाला लावाव्यात. मंडळीसाठी मी पूर्ण मापाची करून ठेवीन. मला तबिथाबाईच्या शेजारी पुरावं. मंडळीत खणणारे हात कमी आहेत, गावातल्या कोणी हात लावला तर नाही म्हणू नये.

या कागदाची अंमलबजावणी समता हिने करावी. साक्षीला तिलाच घेणार होतो, पण जिला काही मिळतं तिने साक्ष देऊ नये असं वकील म्हणाले.

काल मी प्रबोधला फोन लावला. आजार त्याला सांगितलेला नव्हता, तो सांगितला. मग म्हणालो, "मले दवाखान्यात न्यायले ये."

  त्याने विचारलं, "कोनत्या वारी?"

येईल की नाही, मी लिहून देऊ शकत नाही. वार सांगितला आहे. सोमवार.

सही : शांतवन लाजरस पाखरे

आमच्यासमक्ष त्यांनी कागद वाचला, कलम पाचची खाडाखोड आमच्यादेखत केली व सही केली :
१. डॉ. गोपाल इंगळे, चिखली. प्रकृती तपासली, मन स्थिर आहे.
२. वंदना सॅम्युएल मकासरे, उंद्री, मंडळीच्या सभासद

ठिकाण : उंद्री
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार