डेन्झिलच्या कबरीवरची वेल

९ मे १९७४
लॉरेल खोरं

प्रिय ओलीटा,

पत्र परवा मिळालं. तुझा गुडघा आता वळत असेल. इथे बरं चाललंय. घेवडा उगवलाय, कोंबड्या अंडी देताहेत.

तू लिहितेस, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे कबरी सजवायला जमतील, तेव्हा तुझ्या भावाची कबर आणि शेजारची छोटी कुदळीने खरवडून साफ करायची. "आपल्यात कबरीवर गवताची काडी ठेवत नाहीत." मला माहीत आहे. चाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन.

पण ते तण नाही. ती पार्ट्रिजबेरी आहे, जमिनीलगत पसरणारी रानवेल, मीच लावलेली. फिरत्या वाचनालयाच्या पुस्तकात वाचून शिकले. या कबरी हेमलॉकच्या उंच झाडांखाली, तिथे ऊन येत नाही. झाडांच्या मुळांना धक्का न लावता मधल्या खाचांत कुजलेल्या पानांची माती भरली, वेली आडव्या पसरल्या आणि केसांच्या आकड्यांनी जमिनीला टाचल्या. दोन उन्हाळे बादलीने पाणी वाहिलं. आता बर्फ बाजूला सारलं तरी खाली हिरवंगार असतं.

शेजारच्या बर्लने चिडवलं, "काय वहिनी, डेन्झिलला गोधडी शिवली वाटतं?"

"हो. आणि ओढायला येईल त्याची बोटं छाटीन."

तो हसला. मी नाही हसले.

तू तेव्हा लग्न होऊन नॉक्सव्हिलला गेली होतीस, म्हणून तुला माहीत नाही. आमची छोटी आयव्हली गेली, त्या वर्षी डेन्झिलने तिच्या कबरीवर रानातून आणून हीच वेल लावली होती. तुझी आई म्हणाली, "हिरवी कबर पाहिली की लोक म्हणतात, या लेकराला कुणी उरलं नाही." आणि कुदळ माझ्या हातात दिली.

मी खरवडली, ओलीटा. मुळापर्यंत.

डेन्झिल कुंपणापाशी उभा होता. "थंडीतही हिरवी राहते ती," एवढंच म्हणाला. पुढे तेहेतीस वर्षं जगला, पण त्यावर एक शब्द बोलला नाही. मीही काढला नाही विषय. माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हा रविवारी या सगळे. कोंबडीचा रस्सा मी करते. बाकीच्या कबरी खुशाल खरवडा, तुझ्या आईचीसुद्धा. तिला तशीच आवडेल. या दोन कबरींपाशी मात्र मी सकाळपासून खुर्ची टाकून बसणार आहे. कुदळ चालवायची तर आधी मला उचलावं लागेल, आणि मी आता चांगली जड झालेय.

आयव्हलीची आई,
व्हेस्टा